शिंदीचा कोंब

"माह्याच हातून कापला गेला असन," असं म्हणून तानाबाईनं आपला विळा गटातल्या बायांपुढे ठेवला. अन्नपूर्णा खाली मान घालून पानं सोलत राहिली.

नाल्याकाठची मोठी शिंदी शेंड्यापासून वाळली होती. तिच्या पानांच्या दुरड्या विणून बाया शेगावच्या प्रसादाच्या दुकानांत विकायच्या. नियम एकच. बाहेरची पानं घ्यायची, मधल्या कोंबाला हात लावायचा नाही. कोंब गेला की झाड गेलं. अन् जिच्या हातून तो गेला, तिनं पुन्हा विळा धरायचा नाही.

कोंब कापला होता अन्नपूर्णेनं. आतलं पान पांढरंशुभ्र, मऊसूत. पांढऱ्या काठाच्या दुरडीवर दुकानदार भुलतो, एवढंच तेव्हा तिच्या डोक्यात होतं. त्या दिवशी त्या झाडाशी दोघीच होत्या, ती अन् तानाबाई. मग म्हातारीनं दुसरीचं पाप अंगावर का घेतलं? विचारायची तिची छाती होईना.

दिवाळी तोंडावर आली. तानाबाईच्या वाट्याचं विणकामही अन्नपूर्णेकडे आलं. बाया तिच्या हाताचं कौतुक करायच्या अन् ती विणलेली दुरडी उलटी करून ठेवायची. तिकडे तानाबाईनं सुईत दोरा ओवणं सोडलं. उंबरठा ती पायानं चाचपून ओलांडू लागली. वय झालं आता, असं अन्नपूर्णा मनाला समजवायची. मन कुठलं ऐकतंय!

शेवटी एका दुपारी ती तानाबाईच्या ओसरीवर जाऊन बसली. तानाबाईनं निवडायच्या डाळीचं सूप तिच्यापुढे सरकवलं.

"खडे तूच पाह्य वो. मले काही दिसत नाही आता."

अन्नपूर्णेनं दोन-चार खडे वेचले. मग सुपातच बघत म्हणाली, "मावशी, तो कोंब म्या कापला. तुमी काऊन माह्यं पाप अंगावर घेतलं?"

तानाबाई तिच्याकडे वळली.

"तू कापला? अवो, तू तर काही बोलली नाही. मंग म्हटलं, मीच असन. कोंब कोनता अन् पान कोनतं, तेबी दिसलं नसन मले. म्हटलं, गेले आपले डोये."

अन्नपूर्णेनं तोंडाला पदर लावला. आता म्हातारी काय म्हणेल ते ऐकायचं, म्हणून ती बसून राहिली.

तानाबाईनं सूप आपल्याकडे ओढलं, त्यावर वाकली अन् चिमटीत काहीतरी धरून तिच्या नाकासमोर नाचवलं.

"रडून काऊन राह्यली? हा पाह्य, डायीच्याच रंगाचा खडा, तसाच ठेवला तुनं!"