पाणी न पिणारी गाडी

"पाणी तर नाही ना टाकलं कुठं?" देवाजीने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही हो," विनोदनेही तिसऱ्यांदा सांगितलं आणि रुमालाने मान पुसली.

व्हॅन वरठी स्टेशनाजवळच्या देवाजीच्या गॅरेजपुढे उभी होती. पन्नास वर्षांची, पोपटी रंगाची, गोल डोळ्यांची. इंजिन पुढे नाही, पाठीमागे. त्या पाठीमागच्या नळीतून असा पांढरा धूर येत होता, की भंडाऱ्याहून मागोमाग आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने सकाळी दहा वाजता दिवे लावले होते. वरठीत उतरून त्याने विनोदला जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्टील प्लांटची पाळी सुटली होती. एका कामगाराने मोटरसायकल हळू केली. "काय देवाजी, मच्छर मारायची मशीन घेतली काय?"

"घेतली ना. ये, पहिले तुझ्याच तोंडावर मारतो." मग देवाजी विनोदकडे वळला. "आयका जावईबापू. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळा म्हणजे ऑईल जळून राहिलं. पांढरा म्हणजे पाणी. अन् हे गाडी हवेवर थंडी होते. हिच्यात पाण्याची टाकीच नाही. मंग पाणी आलं कुठून?"

"जुनी गाडी आहे. आधीचंच काही असेल."

बोलताना विनोदने देवाजीकडे पाहिलं नाही. गाडी त्याची नव्हती, सासऱ्यांची होती. आनंदराव रिटायर झाले आणि नागपूरहून ही व्हॅन घेऊन आले. तीन महिन्यांत त्यांनी जावयाला तिच्या दाराला टेकूसुद्धा दिलं नव्हतं. आणि गुरुवारी नागपूरला जाता जाता स्वतः घरी येऊन त्यांनी विनोदच्या हातात चावी ठेवली. "उभी राहून गाडी बिघडते, जावईबापू. शनिवारी साडेबाराच्या गाडीनं वरठीले येतो. मले घ्यायले हिलेच आणा."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासऱ्यांनी एखादी गोष्ट त्याच्यावर सोपवण्याची ही पहिलीच वेळ. थोडं मिरवावं म्हणून तो भंडाऱ्याहून साडेनऊलाच निघाला.

अर्ध्या वाटेत धूर सुरू झाला. विनोद पतसंस्थेत संगणकावर बसणारा माणूस. धूर म्हणजे गाडी तापली, तापली म्हणजे पाणी, एवढंच त्याचं ज्ञान. मागे इंजिनापाशी एक झाकण दिसलं. ते उघडून त्याने लिटरभराची बाटली रिकामी केली. ते ऑईलचं तोंड होतं. 'ही गाडी पाणी पीत नाही' हे सासऱ्यांनी जेवताना दहा वेळा सांगितलं होतं. दहाही वेळा विनोद मान हलवत मोबाइलवर स्कोअर पाहत होता.

देवाजीने इंजिन बंद केलं, खाली सरकून नट काढला. घमेल्यात काळं ऑईल पडलं नाही. पडला तो दुधाच्या चहासारखा घट्ट रगडा. देवाजीने घमेलं विनोदच्या पायाशी आणून ठेवलं.

विनोदचे कान तापले. "एक बाटली," तो म्हणाला. "मी ओतली."

"हं. धूर पहिले निघाला का पाणी पहिले टाकलं?"

"धूर पहिले. म्हणून तर टाकलं."

देवाजीचा हात थांबला. त्याने गाडीतली ती रिकामी बाटली उचलली आणि घमेल्यातलं ऑईल तिने मोजून डब्यात ओतू लागला.

"बाबांना सांगू नका, देवाजीकाका. म्हणा, एखादं वॉशर गेलं."

"आनंदरावभाऊले वॉशर सांगू? मी चिखल्याच्या खाणीत गॅरेजले होतो, तवापासून ओळखतो त्याइले. त्याइनं तीस वर्सं ट्रक हाकलला. रोज सकाळी आधी ट्रकले पाणी पाजत, मंग स्वतः चाय पेत. माझ्यानं नाही होत. खोटं तुमीच बोला, तुमाले जमते."

हे वाक्य विनोदला लागलं. तो टायरवर बसून राहिला. देवाजीने इंजिन ऑईलने तीनदा धुतलं. तिन्ही वेळा विनोदने घमेलं स्वतः उचललं, कपड्यांवर डाग पडू दिले. डाग पडले ते त्याला बरंच वाटलं.

साडेबाराची गाडी वेळेवर आली. आनंदराव पिशवी घेऊन गॅरेजपर्यंत चालत आले. त्यांनी व्हॅन पाहिली, घमेलं पाहिलं, जावयाचा शर्ट पाहिला.

"जयभीम, बाबा." विनोदची मान खालीच होती. "मी इंजिनात पाणी ओतलं. तुम्ही इतक्यांदा सांगितलं होतं, मी ऐकलंच नाही. आणि देवाजीकाकांशी खोटंही बोललो."

आनंदरावांनी विनोदच्या खांद्यावर हात ठेवला.

"चूक होते माणसाच्या हातून. कबूल करायले छाती लागते. मले आवडलं, जावईबापू. घरी पोरीले, प्रतिक्षाले सांगू नका, तुमच्या सासूले, सत्यभामाले तर बिलकुलच नाही. आपल्यातच राहू द्या. अन् पुढच्या रविवारी गाडी तुमीच चालवा, मी बाजूले बसतो."

रागावले असते तर विनोदला सोसलं असतं. हे सोसेना. डोळे भरून आले, तसा तो तीन चहा सांगून येतो म्हणत जवळजवळ पळतच टपरीकडे गेला.

देवाजी हात पुसत जवळ आला. "भाऊ, हिच्यात ऑईल बसते अडीच लिटर. मी मोजलं, साडेपाच निघालं. जावई तं एकच बाटली म्हणते."

आनंदरावांनी टपरीकडे पाहिलं. विनोद पाठमोरा होता.

"हळू बोल," ते म्हणाले. "बाकीच्या दोन माझ्या."