शेपटी धरून

चार वर्षांची इंदू बोलत नव्हती, कुणाकडं बघत नव्हती. चालायची तीसुद्धा फक्त चंद्री म्हशीची शेपटी धरून. विशेष मुलांसाठी कोल्हापुरात नव्यानं निघालेल्या बालवाडीत तिचा बाप जोतीराम तिला घेऊन आला, तो म्हशीसकट.

"अहो, हे काय?" वर्गाच्या शिक्षिका कालिंदीबाई ओरडल्या.

"तिच्याबिगर पोरगी पाऊल टाकत न्हाय, बाई. मी तरी काय करू?"

महिनाभर चंद्री वर्गाच्या दाराशी रवंथ करत उभी राहिली. आज मात्र इंदूनं फाटकातच शेपटी सोडली आणि मागं न बघता ती एकटी वर्गात गेली. जोतीरामनं दावं ओढलं, पण चंद्री जागची हलेना. नुसती रेकत राहिली.

शेवटी बाई बाहेर आल्या आणि पोरांना सोडताना रोज रडणाऱ्या आयांना सांगायच्या तेच चंद्रीला म्हणाल्या, "जा गं आता. तू गेलीस की रमेल ती."