बोडीचा तळ

पायाच्या खांबासाठी पाडलेल्या भोकातून माती उपसणारा बेलर वर आला आणि त्यातून पुन्हा काळा चिखलच पडला.

"साहब, बारह मीटर हो गए," मुन्नालालनं मशीन बंद केली. "लोहे का पिंजरा उतारूं? काँक्रीट की गाडी कामठा से निकल गई है."

इंजिनीअर संघदीपनं नकाशा उघडला. शाळेच्या पायाचा नकाशा त्यानंच काढला होता. बारा मीटरवर कडक मुरूम, असं त्यात ठसठशीत लिहिलेलं. खाली सही त्याचीच. मुरमाचा पत्ता नव्हता. तो इतका दमला होता की 'उतार' हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. पाइलचा खांब एकदा जमिनीत गेला की कोण बघायला येतंय?

गावातली रुक्माबाई टोपलं घेऊन चूल लिंपायला माती न्यायला आली होती. तिनं चिमूटभर चुरून पाहिली.

"अजून नरमच हाये. काऊन जी साहेब, मागच्या पावसाळ्यात तपासाचं भोक तुमी पारीवर पाडलं होतं ना?"

पाडलं होतं. बुजवलेल्या बोडीत, गावच्या त्या जुन्या तळ्यात, तेव्हा गुडघाभर चिखल, मशीन आत जाईना. काठावरची पार, म्हणजे मातीचा बांध, तेवढी कोरडी. तिथं जे लागलं, तेच त्यानं साऱ्या बोडीखाली धरलं होतं.

"टनक जागा पाहूनच त बुढ्यायनं तेथं पार घातली होती," रुक्माबाई म्हणाली.

संघदीप विटांवर बसला. इथला भराव अजून कित्येक वर्षं बसत जाणार, बसताना पाइललाही खाली ओढणार. एक कोपरा खचला की भिंत तडकणार, आणि त्या भिंतीला टेकून पोरं पाढे म्हणत असणार.

त्यानं फोन लावला. "गाडी परत फिरवा."

"ऑफिस में गलती किसकी बताऊं?" मुन्नालालनं हळूच विचारलं.

"माझी." हात दाखवून अवलक्षण, पण इलाज नव्हता. त्याला भयंकर थकवा आला होता.

"फिर अब कितना नीचे जाना है?"

तेही त्याला ठाऊक नव्हतं. "मावशी, बोडी किती खोल होती?"

रुक्माबाईनं टोपलं डोक्यावर घेतलं.

"मले का मालूम? आमीबी पारीवरूनच पाहत होतो."