शेजारधर्म

आपल्या विमानांना आपणच पाठीशी घालतो, म्हणून शेजारी देशांच्या विमान खात्यांनी निरीक्षकांची अदलाबदल सुरू केली. पाहुणे निरीक्षक दोन दिवस आमच्या विमानांखाली वाकून आले आणि माझ्याच टेबलावर अहवाल लिहायला बसले. ब्रेकमधल्या दोषाची ओळ दिसताच मी खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, ब्रेकचं तेवढं नका लिहू. पुढच्या महिन्यात मी तुमच्याकडे तपासणीला येतोय. मीही डोळेझाक करीन."

त्यांनी अहवालाचं पान मागे उलटलं. मग ती ओळ खोडली, सही केली. माझा जीव भांड्यात पडला.

"संध्याकाळी आमच्याच विमानाने परतणार ना?"

"तिकीट रद्द करतोय. रेल्वेने जाईन," बॅग उचलत ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात तुम्हीही रेल्वेनेच या."