कामाची पोर

"चेहरेपट्टी सारखीच आहे तुम्हा दोघींची," मालविका मॅडम म्हणाल्या.

सरजाबाईला तसं काही दिसेना. समोर बसलेल्या बाईचा रंग तेवढा आपल्यातला होता. बाकी कापलेले केस, बसणं, बघणं, सगळं परदेशी. नावसुद्धा एलिन. आपली गोदावरी, आपली गोदी ती हीच, हे मनाला पटवून घ्यावं लागत होतं.

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीतली मुलींची मेस. दुपारची जेवणं उरकली होती. सरजाबाई रात्रीसाठी कणीक तिंबत होती. किल्लारीकडच्या भूकंपात आईबाप गेले, तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि गोदी दोनची. गोदीला स्वीडनच्या एका जोडप्यानं दत्तक नेलं. आज इतक्या वर्षांनी ती बहिणीला शोधत आली होती. समोरच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या मालविका मॅडम एकीचं बोलणं दुसरीला इंग्रजी-मराठीत सांगायला बसल्या होत्या.

"मॅडम, तिला विचारा, तंबूत ऱ्हायलो ते ध्यानात हाय का? माझ्या कडेवरून खाली उतरत नव्हती. झोपंतबी माझा परकर मुठीत धरायची."

मॅडमनी विचारलं. एलिननं मान हलवली. काहीच आठवत नव्हतं.

मग ती बराच वेळ बोलली. तिच्या बोलण्यातलं एक अक्षर सरजाबाईला कळत नव्हतं, पण आवाज मध्येच चिरकला ते कळलं.

"ती म्हणते, तिकडं शाळेत पोरं विचारायची, तू कुठली? ही म्हणायची, इथलीच. पोरं हसायची. इकडं आली, तर लोक मराठीत बोलायला लागतात आणि येत नाही म्हटलं की तेही हसतात. तिकडच्या आईबापांनी काही कमी केलं नाही. पण एक गोष्ट तिला लहानपणापासून खाते. दोघींतली तीच का नकोशी झाली? मावशी, ती म्हणते तुम्ही नशीबवान. आपल्या माणसांत वाढलात."

सरजाबाईचे हात कणकेत थांबले. आधी तिला हसू आलं. मग ते गेलं.

"मॅडम, आता मी सांगते ते जसंच्या तसं सांगा. अनाथ पोरांच्या संस्थेच्या बाई आम्हा दोघींना न्यायला आलत्या. मीबी जीपमधी बसले होते. ही माझ्या मांडीवर. तेवढ्यात शरणप्पा काका आला. मला दंडाला धरून खाली ओढलं. म्हणला, ल्हानीला घेऊन जा, तिला कोण सांभाळत बसंल? थोरली न्हाई. थोरली कामाची हाय."

मॅडमनी एलिनकडं पाहिलं. "सगळं सांगू?"

"सगळं. अन् हेबी सांगा. शाळा तितंच सुटली. काकाची जनावरं, काकीची बाळंतपणं, घरादाराचं पाणी. न्हातीधुती झाले तसं उजवून टाकलं. नवरा मेल्यावर काकानं दारात उभं केलं न्हाई. आता डॉक्टर व्हायला आलेल्या लोकांच्या पोरींच्या पोळ्या लाटते. आपली माणसं म्हणती ना ती? ही आपली माणसं."

मॅडम हळूहळू सांगत गेल्या. एलिनचा चेहरा उतरत गेला. ती उठली, परातीजवळ खाली बसली आणि तिनं सरजाबाईला घट्ट मिठी मारली. रडताना तिचं अंग हलत होतं. ही मिठी सरजाबाईनं किती वेळा मनात घेतली होती. आता तिचे हात तसेच वर राहिले.

"कापडाला कणीक लागंल," ती म्हणाली.

"मावशी, आज पोरी लवकर यायल्यात, परीक्षा हाय," बाहेरून मेसवाल्या धोंडप्पानं हाक दिली.

सरजाबाईनं पोळपाट ओढला. एलिननं डोळे पुसले, कोपऱ्यातलं दुसरं लाटणं उचललं आणि काहीतरी म्हणाली.

"मदत करते म्हणतेय," मॅडम म्हणाल्या.

पोळी एका बाजूला जाड राहिली, दुसऱ्या बाजूला फाटली. एलिन ओलसर डोळ्यांनी हसली. सरजाबाईनं तिच्या हातातून लाटणं काढून घेतलं. रागानं नाही, सावकाश.

"ऱ्हाऊ दे म्हणावं. पाव्हणी हाय ती."

एलिननं शेवटच्या शब्दाचा अर्थ विचारला. मॅडमनी खाली बघत सांगितला.

तवा तापला होता. सरजाबाईनं पोळी टाकली. मागं एलिन तो शब्द ओठांत घोळवत होती. एकदा चुकला, पुन्हा चुकला.

"पाव्हणी," ती म्हणाली.

आता उच्चार अगदी गावाकडचा होता.