विरोधात कोण?

अंगणात सतरंज्या अंथरून झाल्या होत्या, हार ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता, आणि ज्यांच्यासाठी हा थाट होता ते आमदार हिंमतराव माजघरात येरझारा घालत होते. सकाळीच शेगावला गाडीतून उतरून ते गावी आले होते. अंघोळ झाली, कपडे बदलून झाले, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. मुंबईत बजेटाची चर्चा चालू होती, आणि पाणीपुरवठ्याच्या मागणीवर विरोधी बाकावरच्या उत्तमरावांनी शंभर रुपयांची कपात सुचवली होती. शंभर रुपये नुसते नावाला. त्या निमित्ताने खाऱ्या पाण्याचा पट्टा सभागृहात निघावा आणि मंत्र्यांना उत्तर द्यायला उभं राहावं लागावं, एवढाच हेतू. वरवट बकालच्या अलीकडच्या या गावाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा तिथे घेतलं गेलं. सूचना पडली. पेपरात नुसते मतांचे आकडे आले, नावं आली नाहीत. गावाने मात्र परस्पर ठरवून टाकलं, की आपले हिंमतराव सरकार पक्षात असूनही पाण्याच्या बाजूने उभे राहिले असणार. हार त्याचाच होता.

खरं वेगळंच होतं. उत्तमरावांना सगळी माहिती हिंमतरावांनीच पुरवली होती. विहिरीच्या पाण्यात दुधाचा चहा कसा नासतो, बाया गोड पाण्यासाठी डोंगराच्या पायथ्यापर्यंत कशा जातात, सगळं. त्यांनी स्वतःचंही नाव बोलण्यासाठी दिलं होतं, पण पाळी यायच्या आत वेळ संपली. मग पक्षाचा आदेश निघाला. कपात मंजूर होणं म्हणजे सरकारवर अविश्वास, तेव्हा इकडचा एकही तिकडे होता कामा नये. मतविभागणीची घंटा वाजली. 'होय'वाले एका दाराने, 'नाही'वाले दुसऱ्या. हिंमतराव 'नाही'च्या दारातून मान खाली घालून गेले. उत्तमराव रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी नुसती नजर फिरवली.

हे त्यांनी तासाभरापूर्वी फक्त बायकोला, सुभद्राबाईंना, सांगितलं होतं. चुलीपुढची बाई, पण नवऱ्यापेक्षा राजकारण तिलाच जास्त कळायचं.

"पेपरात नाव नाही ना?" ती म्हणाली होती. "मंग उगा हात दाखवून अवलक्षण काऊन करता?"

शेवटी ते बाहेर आले. माणसं उठून उभी राहिली, पुन्हा बसली. कोरा चहा फिरला. हिंमतरावांची मावशी गोजरबाई पाण्याहून परत येताना तशीच अंगणात शिरली होती आणि भरलेला हंडा शेजारी ठेवून खांबाला टेकून बसली होती. पदराने मानेचा घाम पुसताना ती भाच्याकडे कौतुकाने बघत होती, आणि हिंमतराव तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

सरपंच किसनराव एकदा हिंमतरावांच्या पासावर अधिवेशन बघून आले होते, तेव्हापासून गावची प्रत्येक बैठक ते अध्यक्षांच्या थाटात चालवत. हिंमतरावांनी सभागृहाचे नियम, पक्षाची शिस्त असं काहीबाही सांगायला सुरुवात केली, तर किसनरावांनी त्यांनाच हाताने थांबवलं.

"साहेब एकटे काय करतीन? बाकीच्यायनं पाडलं," ते लोकांना म्हणाले. "पन आपला मानूस आपल्या पान्यासाठी उभा राह्यला, हे लिहून ठेवाले पायजे."

मग त्यांनी घसा खाकरून अभिनंदनाचा ठराव मांडला आणि अनुकूल कोण ते विचारलं. अंगणभर हात वर झाले. गोठ्याजवळ पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांनीही केले. गोजरबाईनेही हंड्यावरचा हात उचलला.

किसनराव खूश झाले. पण रीत ती रीत.

"विरोधात कोन?" त्यांनी हसत हसत विचारलं. आजवर या प्रश्नाला गावात कोणी हात वर केला नव्हता.

त्यांच्या शेजारी बसलेल्या हिंमतरावांनी हात वर केला.

हशा पिकला. मोठ्या माणसाला मोठेपणा नकोच असतो, असं कोणीतरी म्हणालं. हाराची जबाबदारी कडूबावर होती, तो फडकं सोडायला धावला.

"साहेब, इनय पुरे झाला," किसनराव हळूच म्हणाले. "हात खाली घ्या. एकमतानं मंजूर, असं लिहू."

हात खाली आला नाही. हसणं आधी पुढच्या रांगेत थांबलं, मग मागे. हार घेऊन आलेला कडूबा तसाच उभा राहिला, फुलांतलं पाणी त्याच्या पायांवर ठिबकत होतं. दारातून बघणाऱ्या सुभद्राबाई आत निघून गेल्या.

गोजरबाईचा हात अजून वरच होता. तिने तो सावकाश खाली घेतला आणि भाच्याकडे बघत राहिली.

"हिंमता, मुंबईले बी हाच हात वर केल्ता काय रे?"

"हाव, मावशी."

हंड्यावर पालथा घातलेला तांब्या तिने सुलटा केला, भरला, आणि माणसांमधून वाट काढत त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"घे, घसा सुकला असंन," ती म्हणाली. "गोड हाय. लय दुरून आनलं."

तांब्या घ्यायला हिंमतरावांना हात खाली घ्यावाच लागला.