बायकोच्या फोनचे चार आकडे

"उघडेल ना हो ताई?" त्याने फोन काउंटरवर ठेवला. "बायकोचा आहे. काल दुपारपासून तिचा पत्ता नाही. फोनही घरीच टाकून गेली."

ताईंनी फोन उलटसुलट करून पाहिला. फोन दुरुस्तीचं हे एवढंच दुकान त्या गल्लीत होतं. त्या माणसाचे डोळे तांबारले होते, शर्टाची बटणं वरखाली लागली होती. ताईंनी स्टूल पुढे ओढलं आणि रेडिओचा आवाज जरा वाढवला.

"पोलिसांत कळवलंत?"

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? कुणाशी बोलली, कुठे गेली, एवढं कळू दे. मीच घेऊन येतो तिला."

"चार आकड्यांचं कुलूप आहे," ताई म्हणाल्या. "जोडण्या हजारो होतात. पण माणूस डोळे मिटून आकडे ठेवत नाही, जिथे जीव गुंतलाय तिथलेच ठेवतो. लग्नाची तारीख सांगा."

चुकली.

"त्यांचा वाढदिवस?"

तो डोकं खाजवू लागला. "थंडीत असतो कधीतरी." दोन-तीन तारखा सांगून पाहिल्या. त्याही चुकल्या.

"माहेरच्या घराचा नंबर?"

"माहेरी जाणं-येणं मी केव्हाच बंद केलंय."

पडद्यावर सूचना झळकली. ताईंनी ती त्याला वाचून दाखवली.

"आता एकच संधी. हेही चुकलं तर फोन आतलं सगळं पुसून टाकेल. मग देवालाही परत आणता येणार नाही. थांबायचं का?"

त्याने बाहीने डोळे पुसले. "माझी जन्मतारीख टाका. दुसरं काय असणार?"

"नक्की?"

"टाका हो!"

ताईंनी आकडे दाबले. पडदा काळा झाला, आणि जरा वेळाने कोऱ्या फोनसारखा भाषा निवडायला सांगू लागला.

तो मटकन खाली बसला. "आता कुठे शोधू मी तिला?" म्हणत हुंदके देऊ लागला. ताईंनी त्याला पाणी दिलं, एक पैसाही न घेता दारापर्यंत सोडलं. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या बघत राहिल्या.

मग शटर ओढून त्या मागच्या खोलीत गेल्या. सुजलेल्या डोळ्यावर ओला रुमाल धरून, श्वास कोंडून बसलेल्या मैत्रिणीला म्हणाल्या, "पुसलं गेलं सगळं. तुझ्या बहिणीचा नवा पत्तासुद्धा. चल ऊठ, गाडीत बसवून देते तुला."